आधी सही केली, मग खेळायला गेले

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई अर्ज घेऊन दारात आल्या. आपल्या टेकडीवरच्या पार्कात, ओकच्या झाडीत, सिटी डिस्क गोल्फचा अठरा होलचा कोर्स करायचं म्हणतेय, त्याला विरोध. मी उभ्या उभ्या सही केली. नीट वाचलंसुद्धा नाही. झाडं, पायवाट, शांतता एवढे तीन शब्द दिसले आणि तेवढे पुरले. त्या टेकडीवर मी चौदा वर्षं रोज सकाळी चालायला जाते. इथल्या आपल्या मंडळींपैकी निम्मे लोक तिथेच भेटतात. पुण्याहून आलेल्या सासूबाई तिला सरळ "पर्वती" म्हणायच्या. (पायऱ्या नाहीत म्हणून नावं ठेवायच्या, ते वेगळं.)

रात्री जेवताना लेकाला सांगितलं. सतरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आई, तू कधी खेळली आहेस?"
"नाही."
"मग तुला आवडत नाही हे कसं कळलं?"

हे वाक्य कारल्याच्या भाजीवरून मीच त्याला लहानपणापासून ऐकवत आलेय. शनिवारी मुकाट्याने गाडीत बसले.

सतरा नंबरच्या घाटातून त्याने मला सांताक्रूझला नेलं, डेलाव्हियागाला. आपण सगळे त्या रस्त्याने समुद्रावर जातो, पण हे पार्क मी कधी पाहिलं नव्हतं. तिथला कोर्स १९८४ पासून आहे. डोंगर, घळी, ओक, निलगिरी, आणि त्यातून वळत जाणाऱ्या वाटा. खेळ म्हटलं तर सोपा. सिमेंटच्या ओट्यावरून डिस्क फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी खांबावर लावलेल्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. कमीत कमी फेकींत जो घालेल तो जिंकला. लगोरी आणि गोल्फ यांचं लग्न लावल्यासारखं काहीतरी.

हा खेळ आपल्या कॅलिफोर्नियाचाच, हेही मला त्या दिवशी कळलं. एड हेड्रिक नावाच्या माणसाने फ्रिस्बी सरळ उडावी म्हणून तिच्या पाठीवर कडी काढल्या आणि १९६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १९७५ मध्ये पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात जगातला पहिला कायमचा कोर्स केला. तिथे आधी नुसते लाकडी खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची, म्हणून साखळ्यांची टोपली आली. साखळी वाजली आणि डिस्क आत राहिली, की वाद संपला. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही या शोधाची किंमत कळेल.

आता माझा खेळ. पहिली डिस्क दहा पावलांवरच्या ओकला लागून परत माझ्याच पायाशी आली. दुसरी झाडात अडकली. लेक म्हणाला, "आई, झाडाकडे बघू नकोस, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघ." चढावर डिस्कचं तोंड थोडं जरी वर झालं, तरी ती मध्येच थांबते आणि मागे घसरून पडते. उतारावर उलटं. डिस्क हवेत जास्त वेळ राहते, आणि उजव्या हाताने फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे वळते, तशी वळत वळत थेट घळीत जाते. टोपली उतारावर असेल तर शेवटची छोटी फेकही जपून. चुकली आणि डिस्क कडेवर पडली, की बांगडीसारखी गडगडत चाळीस फूट खाली. माझी तीनदा गेली. तिच्यामागे उतरताना लेक वरून ओरडला, "तीन पानं असतील तर हात लावू नकोस!" पॉयझन ओक. आपल्याकडची खाजखुजली त्याच्यापुढे गरीब म्हणायची.

आणि मग सत्ताविसावं होल. डोंगरमाथ्यावर उभं राहायचं, समोर झाडांच्या शेंड्यांवरून मॉन्टेरेचा उपसागर, आणि टोपली पाचशे फुटांहून लांब, खूप खाली. त्या होलला लोक "टॉप ऑफ द वर्ल्ड" म्हणतात. माझी डिस्क तिथे पहिल्यांदा सरळ उडाली. किती वेळ उडत होती कुणास ठाऊक. मी अक्षरशः ओरडले. त्रेपन्नाव्या वर्षी.

पण मी चालताना जमिनीकडे बघणारी बाई आहे, आणि पोस्ट त्याच्यासाठीच लिहितेय.

फेकायच्या ओट्यासमोरच्या झाडांच्या साली बघा. छातीच्या उंचीवर वर्षानुवर्षांचे घाव आहेत. टोपल्यांभोवतीची माती पायांनी दगडासारखी घट्ट झालेली. उतारावर जिथे लोक सरळ उतरतात तिथे ओकची मुळं उघडी पडलीत. ओकला मुळांवरची माती दाबलेली चालत नाही, पाणी आणि हवा दोन्ही अडतं. शिवाय आपल्या किनारपट्टीवर नव्वदच्या दशकापासून ओकची मर आलेली आहे, लाखो झाडं गेली. तो रोग ओल्या चिखलातून बुटांबरोबरही पसरतो. त्यामुळे "खेळाने काही होत नाही हो" असं जे खेळाडू सांगतात, ते मला पटत नाही. होतं. मी पाहिलं.

त्याच वाटेवर दुसरंही पाहिलं. चढावर लाकडी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केलेल्या, झिजलेल्या जागी लाकडाचा भुसा पसरलेला, काही खोडांना संरक्षण बांधलेलं. पुढे दोन माणसं फावडी घेऊन वाट दुरुस्त करत होती. मला वाटलं सिटीचे कामगार. नाही, खेळणारेच होते, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. एकाच्या मानेपर्यंत टॅटू. त्याने माझी घरंगळलेली डिस्क पुसून हातात दिली आणि म्हणाला, "पहिलाच दिवस ना? अंगठा वरून घट्ट ठेवा."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. दारातल्या त्या अर्जावर झाडं लिहिली होती, पण आमच्या गल्लीतलं बोलणं झाडांचं नव्हतं. "कसले कसले लोक येतील." "बिअरचे डबे." "गांजाचा वास." "बाहेरच्यांच्या गाड्या आपल्या दारात." मी मान डोलावत होते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कुणीतरी "घरांच्या किमतींचं काय?" असंही विचारलं, आणि त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला.

आता जुनी गोष्ट आठवा. नऊ-दहा वर्षं झाली. आपल्या पोरांनी आणि काही तरुण काकांनी दुसऱ्या पार्कात क्रिकेटची पिच मागितली होती. सिटीच्या सभेला आपण पंधरा-वीस जण गेलो होतो. तिथे स्थानिक रहिवासी एकेक करून उठले आणि म्हणाले, गाड्या लावायला जागा नाही, गोंगाट होईल, तो कडक चेंडू आमच्या मुलांना लागेल, आणि हे खेळणारे सगळे इथलेच आहेत कशावरून? माझ्या शेजारी बसलेल्या एका काकांचा चेहरा मला अजून आठवतो. पंचवीस वर्षं टॅक्स भरलेला माणूस. ते घरी जाताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. पिच मिळाली नाही. आपली पोरं अजून फ्रीमाँटला आणि कुठे कुठे गाड्या काढून खेळायला जातात.

तीच वाक्यं आज आपण बोलतोय. चेंडूच्या जागी डिस्क घातली, एवढाच फरक.

अर्ज आणणाऱ्या बाईंचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी सोडणार नाही. पायवाटेवर सकाळी आजी-आजोबा असतात, बाबागाड्या असतात. डिस्क दीड-पावणेदोनशे ग्रॅमची असते, कडक, आणि वेगात येते. समोर माणूस असेल तर फेकायचं नाही हा खेळाचा नियमच आहे, पण वळणापलीकडचा माणूस फेकणाऱ्याला दिसत नाही. नकाशात चौथं आणि अकरावं होल आपल्या चालायच्या वाटेला चक्क छेदतात. ती दोन्ही हलवलीच पाहिजेत. ओढ्याकडच्या उतारावरची होलंही नकोत, तिथली माती पहिल्याच पावसाळ्यात खाली येईल. अठराचा हट्ट कशाला? बाराही चालतील, नऊही चालतील. प्रत्येक होलला टोपलीच्या दोन-दोन जागा ठेवा, म्हणजे दर काही महिन्यांनी एक जागा विश्रांती घेईल. मोठ्या पावसानंतर जमीन वाळेपर्यंत कोर्स बंद. आणि देखभाल कोण करणार, महिन्यातून किती दिवस, हे करारात लिहून घ्या. टॅटूवाल्या त्या माणसावर माझा विश्वास बसला, पण तो सांताक्रूझचा. आपल्याकडे कोण फावडं उचलणार ते आधी कळू दे.

काही जण म्हणतील, मग नकोच ना कशाला ही कटकट. याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. सतरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी साडेतीन तास माझ्याशी बोलत होता. फोन खिशात होता, बाहेर आला तो फक्त गुण मांडायला. तिकीट नाही, गणवेश नाही, क्लबची मेंबरशिप नाही. एक डिस्क दहा-पंधरा डॉलरला मिळते आणि ओढ्यात हरवेपर्यंत टिकते. त्याच पार्कात शेजारी नेहमीचं गोल्फही आहे, तिथे एका फेरीचे पैसे मोजावे लागतात. गोल्फला शे-दीडशे एकर हिरवळ लागते आणि ती जिवंत ठेवायला पाणी. झाडीतल्या डिस्क गोल्फला होलमागे साधारण एक एकर, आणि झाडं तोडलीत तर खेळातली मजाच जाते. आपल्या गावात पंधरा ते वीस वयाच्या मुलांना फुकटात करण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी सांगा. मॉल सोडून.

मी परवा त्या बाईंकडे जाऊन सही मागे घेतली. त्यांना राग आला. चहा दिला, पण राग आला. त्यांच्या बागेतला ओक दोन वर्षांपूर्वी मेला, हे मला त्या दिवशी कळलं. चौदा वर्षांची शेजारीण, आणि मला माहीत नव्हतं. होलं हलवण्याच्या मागणीवर त्या माझ्याबरोबर सही करतील असं म्हणाल्यात. कोर्सच्या बाजूने मात्र नाही.

येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सिटी हॉलमध्ये सभा आहे. दारात चिठ्ठी भरून द्यायची, मग प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटं फार थोडी असतात, लिहून आणा. विरोधात बोलायचं असेल तरी या. पण वळणावरच्या होलबद्दल बोला, ओढ्याबद्दल बोला. "कसले कसले लोक" हे तिथे बोलू नका, ते काकाही येणार आहेत.

माझ्या गाडीत तीन जागा आहेत. साडेसहाला निघेन. आणि रविवारी कुणाला डेलाव्हियागाला यायचं असेल तर लेक न्यायला तयार आहे, फुल पँट घालून या.