एक थेंब जास्त

घरात काहीही बिघडले की ते माझ्या हाती द्यावे, असा आमच्याकडे गेली चाळीस वर्षे रिवाज आहे. टेबल-पंख्याचा बुश म्हणा, कपाटाची बिजागरी म्हणा, नाहीतर सौभाग्यवतींच्या चष्म्याची काडी म्हणा! गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा ही कीर्ती माझ्या आधीच तिथे पोचलेली होती. परत येताना मात्र ती तिथेच ठेवून यावी लागली.

लेकीच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांना खाचेवरच्या मोटारींचा नाद आहे. आपल्याकडे हा खेळ फारसा दिसत नाही, म्हणून थोडे सांगतो. काळ्या मार्गात एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. त्यांतून साधारण १२ व्होल्टची वीज खेळते. मोटार खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची, म्हणजे वीतभरही नाही. तिच्या नाकाखालची एक पट्टी खाचेत उतरते, तांब्याच्या मऊ फिती वीज उचलतात आणि पोटातली इवलीशी मोटर मागची चाके फिरवते. आपल्या हाती फक्त एक चाप. तो जितका दाबाल तितका वेग. वळणावर वेळेवर सोडला नाही, तर गाडी खाचेबाहेर भिरकावली जाते. १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने हा खेळ इंग्लंडात बाजारात आणला. आज तिथे नातवंडांइतकेच आजोबाही तो खेळतात.

नातवाने खाऊचे पैसे साठवून एक जुनी गाडी विकत घेतली होती. ती सरळ मार्गावर बरी धावे. पण वेग वाढला की गुरगुरे आणि वळणावर मागून बेडकासारखी उडे. त्याने ती उलटी करून मला दाखवली. मागच्या चाकांचा आस म्हणजे स्वेटर विणायच्या सुईएवढी पोलादी काडी, जाडी ३/३२ इंच. तिच्या दोन्ही टोकांना पितळेसारखी दिसणारी दोन चिमुकली बेअरिंगे. ती प्लॅस्टिकच्या चॅसीत घट्ट बसलेली असायला हवीत. पण या गाडीतली सैल होऊन आसाबरोबर स्वतःच गरगरत होती आणि आपले घर आणखी मोठे करत होती. मग आस वरखाली नाचणार, चाके उडणार आणि दात्यांत दाते नीट न बसल्यामुळे गाडी गुरगुरणार, हे ओघानेच आले.

“आजोबा, ही चिकटवायला हवीत. पण क्लबातल्या काकांना विचारून. गुरुवारी शर्यत आहे, त्याआधी मी त्यांना फोन करतो.”

आता यात विचारायचे काय? बुधवारी रात्री सगळे झोपल्यावर मी जावयांच्या खणातली झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली आणि दोन्ही बेअरिंगांवर एक-एक थेंब सोडला. काम पक्के व्हावे म्हणून वर आणखी एक-एक. सकाळी नातू खूश होईल, या आनंदात झोपही छान लागली.

सकाळी बेअरिंगे घट्ट बसलेली होती, यात वाद नाही. पण आसही घट्ट बसला होता! चाक तसूभर हलेना.

लेक नखांचा रंग काढायचे औषध घेऊन धावत आली. नातू म्हणाला, “नको आई, त्यानं गोंद सुटेल, पण चॅसीपण विरघळेल.” एवढेच. मला तो काही बोलला नाही. तो रागावला असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी आम्ही तिघे क्लबात गेलो. गाडी नसल्यामुळे नातवाला वळणापाशी उभे केले. दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलून पुन्हा खाचेत ठेवायच्या, हे त्याचे काम. दोन तास तो ते मन लावून करत होता आणि मी खुर्चीवर बसून ते पाहत होतो. चाळीस वर्षांच्या दुरुस्त्यांत इतके लांबलचक दोन तास मला आठवत नाहीत.

शर्यती संपल्यावर सत्तरीच्या एका सभासदांनी ती गाडी हातात घेतली आणि हसून म्हणाले, ही चूक इथे प्रत्येकाने एकदा केली आहे. पातळ गोंद बारीक फटीत आपोआप ओढला जातो, जसे वातीत तेल चढते. शिवाय ही बेअरिंगे ब्राँझची भुकटी दाबून केलेली असतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरवलेले असते. गोंदाने ती छिद्रेही बुजतात. त्यांनी डब्यातून नवी जोडी आणि नवा आस काढून दिला आणि सगळी रीत समजावून सांगितली.

रविवारी आम्ही दोघे टेबलाशी बसलो. पकडीने जुना आस बेअरिंगांसकट ओढून काढला. चॅसीतली घरे खरवडून पुसली, नव्या बेअरिंगांच्या बाहेरच्या अंगाचे तेलही पुसले. आसाला मात्र मुद्दाम तेलाचे बोट लावले, म्हणजे गोंद चुकून तिथे गेलाच तरी पकड घेणार नाही. बेअरिंगे एकेकटी चिकटवायची नाहीत. दोन्हींतून आस ओवून, चाके चढवून, गाडी काचेवर ठेवायची आणि चारही चाके टेकतात ना, ते पाहायचे. नाहीतर दोन बेअरिंगांची तोंडे दोन दिशांना होतात आणि आस अडतो. मग दोन नळ्यांतले मिश्रण करून लावायचा दाट गोंद, तोही टाचणीच्या टोकावर घेऊन बेअरिंगाच्या फक्त बाहेरच्या कडेला, दोन ठिकाणी. टाचणी नातवाच्या हातात होती. माझ्याकडे काम एकच: गोंद आवळेपर्यंत चाक हळूहळू फिरवत राहायचे.

“आजोबा, बेअरिंग धरून ठेवायचं, आस नाही,” तो म्हणाला. मी मान डोलावली. लेक ओट्यापाशी उभी होती. तिला हसू आवरले नाही. तिच्या लग्नाच्या वेळी, परदेशी जाण्याच्या वेळी मी जो धरून ठेवण्याचा हट्ट केला होता, तो तिला आठवला असावा. मला तरी आठवला.

पुढच्या गुरुवारी गाडी सहांत चौथी आली. वळणावर उडाली नाही, गुरगुरली नाही. नातवाने लांबूनच मला अंगठा दाखवला.

तो अडकलेला आस मी पुण्याला घेऊन आलो आहे. परवा शेजारची मुले दिवाळीच्या किल्ल्याचा मोडका बुरूज घेऊन माझ्याकडे आली. मी तो लगेच हातात घेतला नाही. आधी विचारले, “काय करायचं म्हणता?”