मॅनहोलमध्ये कोण उतरणार ते आधी लिहून द्या

वरळी कोळीवाड्यात जाळी झटकताना एकदा उभे राहून बघा. मासळीबरोबर पिशव्या पडतात, चिंध्या पडतात. हे शहराच्या पोटातलं. वरळीचं सांडपाणी लोखंडी जाळीतून गाळायचं, वाळू-खडी खाली बसवायची आणि समुद्राखालच्या सुमारे साडेतीन किलोमीटर बोगद्यातून दर्यात सोडून द्यायचं, एवढ्यालाच वर्षानुवर्षं प्रक्रिया म्हणत आले.

आता नवं केंद्र येतंय. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात केंद्रांची पायाभरणी झाली. त्यातलं वरळीचं दिवसाला ५० कोटी लिटरचं. व्हायलाच पाहिजे. कोळ्यांना त्यांचा दर्या धड परत मिळाला पाहिजे, त्यात वाद नाही.

माझं भांडण वेगळं आहे. चर्चा चालते ती मासळीची, वासाची, खर्चाची. पर्यावरणवाले भाषणं ठोकतात, आणि आपले कार्यकर्ते म्हणतात हा आपला प्रश्न नाही, आपली लढाई स्वाभिमानाची. अरे दोस्ता, ते पाणी केंद्रापर्यंत आपोआप जातं काय? लाइन तुंबते, चेंबर भरतं, रस्त्यावर घाण येते. मग झाकण उघडून कुणाला हाक मारतात? मुकादम कामाचा अनुभव विचारत नाही. त्याला आडनाव पुरतं.

खाली सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस सावध असतो. वायू वाढला की नाकच मरतं. वास येईनासा होतो, गड्याला वाटतं निवळलं. तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. पेपरात दोन ओळी येतात, गुदमरून मृत्यू. जसा काही तो स्वतःच्या हौसेनं आत गेला होता.

कायदे आहेत की. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. २०१३ च्या कायद्यातली मेख मात्र वाचा. सरकारनं ठरवलेली साधनं आणि संरक्षक कपडे देऊन मैला साफ करून घेतला, तर तो माणूस कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. हातमोजा चढवला की जात गेली! सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख. माणसं उतरवणं बंद करा असंही कोर्टानं बजावलं. ते कोण ऐकतो? भाव तेवढा वाढला.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. चांगल्या पाण्यासाठी आपल्याला सत्याग्रह करावा लागला. घाण पाणी मात्र न मागता पदरात पडलं, आणि ते अजून कुणी परत घेतलेलं नाही. जयंतीला हे पण बोला जरा.

म्हणून नुसतं केंद्र झालं पाहिजे म्हणून ओरडू नका. वॉर्ड ऑफिसात जा. लाइन तुंबली तर कुठलं यंत्र येणार? ते उभं कुठं असतं? चालवणारा पर्मनंट की कॉन्ट्रॅक्टचा? नव्या टाक्यांत गाळ साठणारच, तो काढायला माणूस उतरवणार नाही असं कॉन्ट्रॅक्टरच्या करारात लिहिलंय का? लिहिलं असेल तर कागद दाखवा म्हणावं. कोळीवाड्यातली पोरं बरोबर घ्या. जाळी त्यांची फाटतात, माणसं आपली मरतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका.