विद्यापीठाचे दप्तर उघडे करा!

पूर्वी गावचे दप्तर रुमालात बांधलेले असे. ज्याच्या शेताविषयी आत लिहिलेले असे, त्यालाच त्याचा पत्ता नसे. आज विद्यापीठांच्या दप्तरांची पुष्कळ ठिकाणी तीच गत आहे. कुणब्या-सुताराचा मुलगा नापास का झाला, फी कशाबद्दल घेतली, शिष्यवृत्ती कोठे अडली, असे विचारले की कारकून म्हणतो, उद्या या.

परंतु कायदा निराळेच सांगतो. सन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या अर्जास ३० दिवसांत उत्तर दिले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ही फी माफ आहे. ता. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यास स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निवाडा दिला. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यास माहिती आयोग दररोज २५० रुपये, एकूण २५,००० पर्यंत दंड करू शकतो. शिवाय आपले नियम, निर्णय व खर्च कोणी न मागता प्रसिद्ध करणे, हे कलम ४ प्रमाणे विद्यापीठाचेच काम आहे.

मग आमच्या मुलांनी हात का जोडावे? बंधूंनो, बी-बियाण्याचे पैसे मोडून तुम्ही मुलास शिकविता. दहा रुपये अर्जासही द्या. पोच घ्या, उत्तर न आल्यास अपील करा. दप्तर रयतेच्या पैशावर चालते. ते रयतेस दिसलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.