लाकडावरील रोगण आणि कारागिराचा श्वास

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर गेल्या काही दशकांत निवासी इमारतींची दाट वस्ती उभी राहिली आहे. नव्या घरातील दारे, कपाटे व पलंग यांवर अखेरचा हात फिरविणारा कारागीर पुष्कळदा त्या घरातच, दारे-खिडक्या लावून, काम करीत असतो. नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा अर्ध्याहून अधिक भाग द्रावकाचा असतो. लाकडावर पातळ थर ठेवून हे द्रावक हवेत उडून जाते आणि प्रथम शिरते ते कारागिराच्या फुप्फुसांत. म्हणून रोगण निवडताना चकाकी व किंमत यांच्याबरोबर या श्वासाचाही हिशेब मांडला पाहिजे, असे आमचे मत आहे.

द्रावकावाचून लाकूड झळकविणे आपल्या देशास नवे नाही. बंगळूरपासून सुमारे 60 किलोमीटरवरील चन्नपट्टण येथे कारागीर लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर बसते.

भुकटीचे रोगणही घन पदार्थ वितळवूनच चढवितात. विद्युद्भारित भुकटी वस्तूवर फवारतात. वस्तूवर न बसलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते. मात्र नेहमीची भुकटी पक्की होण्यास सामान्यतः 160 ते 200 अंश सेल्सिअस उष्णता बराच वेळ द्यावी लागते. लोखंड ती सोसते. लाकडातील ओलावा मात्र वाफ होऊन बाहेर पडू लागतो. थरावर फोड येतात, फळी तडकते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा असा, की वितळणे व पक्के होणे या क्रियाच विलग कराव्यात. भुकटी 100 ते 120 अंशांच्या आसपास काही मिनिटांत वितळवावयाची आणि मग तिच्यावर जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण सोडावयाचे. किरण शोषून घेणारा एक पदार्थ थरात मिसळलेला असतो. त्याच्या योगाने राळेचे रेणू परस्परांशी सांधले जातात व काही सेकंदांत थर कठीण होतो.

अडचणी झाकण्यात अर्थ नाही. एमडीएफची फळी एकजिनसी असते. नैसर्गिक लाकडातील ओलावा, राळ व रंध्रे जागोजाग निराळी असतात. किरण सरळ रेषेत जातात, त्यामुळे कोरीव कामाच्या खोल खाचांत ते पुरेसे पोहोचत नाहीत. शिवाय ही यंत्रे एकट्या सुताराच्या आवाक्याबाहेरची आहेत.

तरीही प्रारंभ सपाट फळ्यांपासून करता येईल. अनेक सुतारांनी मिळून वापरावयाची सामायिक कार्यशाळा उभारावी. तेथे तयार झालेल्या फळ्या घरी नेऊन केवळ जोडाव्यात. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आपल्या सागावर व शिसवावर त्याचे प्रयोग व्हावेत. घराची शोभा वाढविणाऱ्याचे आयुष्य त्या शोभेपायी झिजू नये, एवढी काळजी विज्ञानाने आणि घरमालकाने, दोघांनीही, वाहिली पाहिजे.