उसनी ढाल

अलीकडे वसई परिसरातील आपल्या काही घरांच्या दिवाणखान्यात एक नवी चौकट झळकू लागली आहे. मधोमध ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, दोहों बाजूंस पानांची नक्षी आणि खाली ठळक अक्षरांत आडनाव. आडनाव कळवावे, पैसे मोजावेत, की हे 'घराण्याचे कुलचिन्ह' अर्थासह घरपोच येते: तांबडा रंग शौर्याचा, निळा निष्ठेचा, सोनेरी औदार्याचा! लग्नपत्रिकेवरही ते छापलेले आमच्या पाहण्यात आले आहे. या हौसेला आमचा विरोध आहे, आणि तो का, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाराव्या शतकात युरोपात ढालीवर चिन्ह रंगविण्याची प्रथा रुजली. ते चिन्ह आडनावाचे नसे. ते एका व्यक्तीचे आणि तिच्या वंशजांचे असे. एकाच आडनावाच्या दोन घराण्यांची चिन्हे भिन्न असत, आणि असंख्य कुटुंबांना चिन्हच नसे. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याने सिंत्रा येथील राजवाड्याच्या छतावर ७२ सरदार घराण्यांची कुलचिन्हे रंगवून घेतली. अवघ्या राज्यातली ७२ घराणी!

आणि त्या चिन्हांचे गूढार्थ? द कुन्हा घराण्याच्या ढालीवर सोनेरी पृष्ठभूमीवर नऊ निळ्या पाचरी आहेत. कारण साधे आहे: पोर्तुगीज भाषेत 'कुन्हा' म्हणजे पाचर. 'लोबो' म्हणजे लांडगा, म्हणून लोबोंच्या ढालीवर लांडगे. हा नावावरचा श्लेष झाला. शौर्य, निष्ठा, औदार्य हे रंगांचे अर्थ बहुतांशी मागाहून चिकटविलेले आहेत.

नुनो द कुन्हा हा गव्हर्नर असताना, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढे आपल्या पूर्वजांचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव त्यांना लाभले. आडनाव लाभले, वंश लाभला नाही. मग त्या नऊ पाचरी आपल्या भिंतीवर कोणत्या नात्याने आल्या? जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चर्चमध्ये फरशीवर कोरलेली कुलचिन्हे आजही दिसतात. ती ज्यांच्या थडग्यांवर आहेत, त्यांचीच आहेत.

कोणी म्हणेल, "भिंतीवरचे एक चित्र, त्याने कोणाचे काय बिघडले?" बिघडते ते असे. ते चित्र पाहत वाढणारे मूल आपला पूर्वज शिरस्त्राण घातलेला सरदार होता असे मानू लागते. ज्याने रहाटावर बैल हाकले, पानवेली जोपासल्या, केळी पिकवल्या, होडी समुद्रात लोटली, तो खरा पूर्वज त्याच्या स्मरणातून हद्दपार होतो. आपण त्या माणसाची लाज बाळगतो, हेच ती चौकट न बोलता सांगते. शिवाय सोयरीक जुळविताना 'आम्ही वरच्या घराण्यातले' हा सूर आपल्यात आधीच कमी नाही. त्या जुन्या उच्चनीचतेला ही विकतची ढाल नवे बळ देते. खुद्द पोर्तुगालने १९१० साली प्रजासत्ताक होताच सरदारकीची राजमान्यता रद्द केली. आपण मात्र ती पैसे देऊन घरी आणतो!

चिन्हांचे आम्हांला वावडे नाही. ख्रिस्तसभेत प्रत्येक महागुरू आपले चिन्ह निवडतो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निळ्या ढालीवर सोनेरी क्रूस होता आणि क्रूसाच्या पायथ्याशी मरियेचे आद्याक्षर. तिच्यावर ना पूर्वजांची तलवार, ना सिंह. इटलीहून अर्जेंटिनात स्थलांतरित झालेल्या कुटुंबात जन्मलेले पोप फ्रान्सिस यांनी येशूसंघाचे चिन्ह, मरियेसाठी तारा आणि योसेफासाठी जटामांसीचे फूल निवडले. ही चिन्हे अर्थपूर्ण ठरतात, कारण ती धारण करणाऱ्याविषयी खरे बोलतात. आपण कोणाचे वंशज आहोत यापेक्षा आपण कोणाचे आहोत, हे ती सांगतात.

म्हणून आमचे मागणे एवढेच. ज्यांना कुलचिन्ह हवेच असेल, त्यांनी ते खुशाल आपल्या हातांनी रेखाटावे. त्यात आजोबांचा रहाट यावा, आजीची फुलांची टोपली यावी, होडी यावी, विळा यावा. मुलांनी अर्थ विचारला, तर सांगता येईल अशी एक खरी गोष्ट त्या प्रत्येकामागे असेल. आणि ज्यांना तेही नको, त्यांच्या घरात वेदीवर क्रूस आहेच. संत पौलाने त्याखेरीज दुसऱ्या कशाचा अभिमान मिरविण्याचे नाकारले होते. आपल्या पूर्वजांनी स्नानसंस्काराच्या वेळी आडनाव घेतले, त्याच वेळी त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण उमटली होती. तीच खूण आपल्यालाही लाभली आहे, आणि ती कोठूनही विकत आणावी लागत नाही.