गडगा कुणाचा?

गेल्या वर्षी मालवणात घराचं काम काढलं आणि शेजारच्या काकूंशी बोलणं तुटायची वेळ आली. कारण मधला चिऱ्यांचा गडगा. यांच्या ओळखीचे एक खासगी सर्व्हेअर होते, स्वस्तात मोजून देणारे. काकू म्हणाल्या, "तुमचोच माणूस मोजतलो, मगे आमी कित्याक मानुचा?"

खरं सांगू? मला त्यांचंच पटलं.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज केला. फी आम्हीच भरली, पावसामुळे थांबावंही लागलं. पण मोजणीची नोटीस काकूंनाही गेली, भूकरमापकाने दोन्ही घरांसमोर मोजलं. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते, हेही तेव्हाच कळलं.

आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी आत चहा करत बसू नका. खुणा कुठे पडतात ते स्वतः बघा, नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. सातबाऱ्यावर आपलं नाव असो वा नसो, शेजार तर आपल्यालाच सांभाळायचा असतो ना!

गडगा हातभर काकूंच्या जागेत निघाला. आमचाच! हे दोन दिवस गप्प होते. मग पायाची आखणी मागे घेतली. स्वयंपाकघर जरा अरुंद झालंय.