हिमालयातील चंद्रभागा : पर्यटक की यात्रेकरू?

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मनात हिमालय म्हटला की ‘सिमला-कुलू-मनाली’ ही त्रयी उभी राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहल निघते, बर्फात छायाचित्रे काढली जातात, शालींची खरेदी होते आणि आठव्या-दहाव्या दिवशी मंडळी घरी परततात. यात गैर काहीच नाही. परंतु मनालीच्या गर्दीपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर चंद्रभागा नावाची नदी वाहते, तिच्या काठी शतकानुशतके पूजिली जाणारी मंदिरे आहेत, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असते? पंढरीच्या वाळवंटात ज्या नावाचा गजर होतो, तेच हे नाव. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा; लाहौलची चंद्रभागा म्हणजे पुढे जाऊन चिनाब होणारी नदी. प्रवाह भिन्न, पण नाव आणि भाव एकच.

चंद्रा आणि भागा या दोन नद्या बारालाचा खिंडीच्या दोन बाजूंना उगम पावतात आणि दीर्घ वळसे घेऊन तांडी येथे एकत्र येतात. चंद्रा ही चंद्राची कन्या, भागा हा सूर्याचा पुत्र आणि तांडी हे त्यांचे मीलनस्थान, अशी लोककथा तेथे सांगितली जाते. वाहनचालकांना मात्र तांडी दीर्घकाळ ठाऊक होते ते पेट्रोल पंपासाठी! पुढे लेहच्या वाटेवर ३६५ किलोमीटरपर्यंत पंप नाही, अशी तेथील पाटी प्रसिद्ध होती. टाकी भरायची आणि भागेच्या काठाने केलाँगकडे वळायचे, हा परिपाठ. खाली दोन नद्यांचा संगम होत असतो, तो पाहण्यास कोणी थांबत नसे.

तांडीहून प्रवाहाबरोबर खाली जाणारा दुसरा रस्ता पट्टण खोऱ्यातून उदयपूरला जातो. या वाटेवर नदी ओलांडून चढ चढला की त्रिलोकनाथाचे मंदिर लागते. गाभाऱ्यातील शुभ्र संगमरवरी मूर्ती हिंदूंसाठी शिव आहे, बौद्धांसाठी अवलोकितेश्वर. एकाच मूर्तीपुढे एक जण हात जोडतो, दुसरा मंत्रचक्र फिरवतो. वाद कोणीच घालीत नाही. ऑगस्टमधील पौरी यात्रेस दोन्ही परंपरांचे भाविक जमतात. एकात्मतेवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी एकदा या गाभाऱ्यात उभे राहावे. उदयपूरचे मृकुलादेवीचे मंदिर बाहेरून साधे, लाकडी उतरत्या छपराचे. आत मात्र देवदाराच्या फळ्यांवर रामायण-महाभारतातील प्रसंग आणि समुद्रमंथन कोरलेले आढळते. मनालीहून येताना तांडीच्या अलीकडे गोंधळा गावी दगड आणि लाकूड यांच्या थरांनी उभारलेला ठाकुरांचा अनेक मजली बुरूजवाडा आहे. जाहिरातींच्या पुस्तिकांत या स्थळांना क्वचितच जागा मिळते.

आजवर ही उपेक्षाच या खोऱ्याचे कवच ठरली होती. ३९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचा वर्षातील जवळजवळ सहा महिने उर्वरित देशाशी रस्त्याने संपर्क तुटत असे. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हा वनवास संपला. येथील माणसाला दवाखाना, शाळा आणि बाजारपेठ बाराही महिने मिळाली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याच्या बटाट्याला आणि वाटाण्याला वेळेवर वाहन मिळणे हा त्याचा हक्क आहे. सीमेकडे जाणाऱ्या मार्गाचे सामरिक महत्त्व तर वादातीतच.

परंतु ज्या दाराने रुग्णवाहिका बाहेर येते, त्याच दाराने गर्दी आत शिरते. बोगद्यापलीकडील सिस्सू हे गाव पाहता पाहता बर्फ पाहणाऱ्यांचे केंद्र बनले. संपूर्ण लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ३१,५६४. महाराष्ट्रातील एखाद्या लहान शहराएवढी. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. शेती चालते ती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर, ते वाहून आणणाऱ्या ‘कूल’ नावाच्या पाटांवर. पाण्याची बचत आणि शेतीचे खत असा दुहेरी विचार करून येथील घरांत कोरडे शौचालय बांधले जाई. अशा भूमीवर प्रत्येक खोलीत चोवीस तास गरम पाणी मागणारा पाहुणा उतरला, तर पाट कोणाच्या शेताचा आटेल? जुलै २०२१मध्ये याच खोऱ्यात तोजिंग नाल्याला आलेल्या पुराने माणसे वाहून गेली. हे डोंगर ठिसूळ आहेत, याची याहून कठोर जाणीव कोणती हवी?

मग या स्थळांविषयी मौन पाळावे काय? तसे मुळीच नाही. स्थळ अज्ञात ठेवणे हा संरक्षणाचा टिकाऊ उपाय नव्हे. प्रश्न कोणी जावे हा नसून कसे जावे हा आहे. आपल्या परंपरेने प्रवासाला यात्रेचे रूप दिले आणि यात्रेला नियम दिले. वारकरी पायी चालतो, मिळेल ते खातो, तुळशीची माळ आणि पताका एवढेच वैभव मिरवतो. अर्थात आपणही फुशारकी मारू नये. पंढरपूरच्या चंद्रभागेच्या स्वच्छतेसाठी २०१६मध्ये शासनाला ‘नमामि चंद्रभागा’ अभियान हाती घ्यावे लागले. भक्ती असूनही शिस्त सुटली की काय होते, याचा धडा आपल्या घरीच आहे. तो विसरून दुसरी चंद्रभागा मळविण्यास निघणे हा करंटेपणा ठरेल.

लाहौलच्या ग्रामस्थांनी मार्ग दाखविलाही आहे. अलीकडच्या काळात सिस्सू परिसरातील गावांनी हिवाळी देवकार्याच्या दिवसांत पर्यटनाचे उपक्रम बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. उत्पन्न बुडाले तरी चालेल, पण देवाच्या दिवसांत शांतता हवी, असे म्हणणारा समाज आजच्या बाजारात दुर्मीळच. हा जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडतो. १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना परंपरा आणि संसाधने जपण्याचा अधिकार दिला आहे. किती वाहने यावीत, किती खोल्या बांधाव्यात, कचरा कोणी न्यावा, हे या ग्रामसभांच्या संमतीनेच ठरावे आणि तेही हॉटेले उभी राहण्यापूर्वी. सहल कंपन्यांनी पट्टण खोरे आपल्या कार्यक्रमात जरूर घ्यावे, पण मोठ्या बसऐवजी लहान गट न्यावेत, मुक्काम गावातल्या घरांत करावा आणि आणलेला कचरा परत न्यावा.

तांडीच्या संगमावर उभे राहिले की दोन प्रवाह काही अंतर शेजारी शेजारी चालतात आणि मग एक होतात. तेथे जाणाऱ्या मराठी माणसाने दोन्ही चंद्रभागांचे स्मरण ठेवून हात जोडावेत. पाऊल पर्यटकाचे असले तरी चालेल. वागणे मात्र यात्रेकरूचे असावे.